पटकथेवरचा अभिप्राय कसा वाचावा? ‘कोर्ट’ आणि ‘सैराट’च्या आधारे



पटकथा कशी लिहावी हे सांगणारी टिपणे भरपूर आहेत. लिहिलेली पटकथा एखाद्या व्यावसायिक वाचकाला दिली, आणि पंधरा दिवसांनी त्याच्याकडून दीड पानाचा अभिप्राय आला, तर त्या दीड पानाचे काय करायचे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. या टिपणाचा विषय तेवढाच आहे.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि बंगळुरूत जयनगरला राहतो. हा भाग सिनेमाला परका नाही. शेजारच्या बनशंकरीत सुचित्रा फिल्म सोसायटी १९७१ पासून चालू आहे. माझ्याकडे पटकथा घेऊन येणारी मुले बहुतेक संगणक किंवा यांत्रिकी शाखेची असतात. काही बेळगाव-निपाणीची मराठी, काही हुबळी-मंड्याची कन्नड. अभिप्राय हाती आला की ती दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर सगळे मुद्दे मुकाट्याने मान्य करून पटकथा नव्याने लिहायला घेतात, नाहीतर ‘त्यांना कळलेच नाही’ म्हणून कागद बाजूला टाकतात. दोन्ही वेळा अभिप्राय वाचायचा राहूनच जातो.

आधी हा कागद म्हणजे नेमके काय, ते पाहू. निर्मितीसंस्थेकडे पटकथांचा ढीग येतो आणि तो निर्मात्याने स्वतः वाचणे शक्य नसते. म्हणून पगारी वाचक ठेवले जातात. वाचक कथेचा सारांश लिहितो, पात्रे, रचना, संवाद यांवर शेरे देतो आणि शेवटी एक शिफारस करतो: घ्यावी, विचार करावा, किंवा नको. या कागदाला धंद्यात ‘कव्हरेज’ म्हणतात. लक्षात घ्या, तो मुळात लेखकासाठी लिहिलेलाच नसतो. त्याचा वाचक निर्माता असतो आणि त्यातला प्रश्न ‘यात पैसे घालावेत का’ हा असतो. हल्ली हीच सेवा लेखकांना शुल्क घेऊन दिली जाते. पण तिची घडण जुनीच राहिली आहे. ‘नायकाचे ध्येय स्पष्ट नाही’, ‘पहिली दहा पाने संथ’, ‘शेवट परिणामकारक करावा’ अशी वाक्ये तुम्हाला मिळतात ती या घडणीतून येतात. ती खोटी नसतात. ती दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर असतात.

आता एक प्रयोग करू. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ तुम्ही पाहिला नसेल तर आधी पाहा, मग पुढे वाचा. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोन्ती विभागातला सर्वोत्तम चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा असे दोन्ही पुरस्कार त्याला मिळाले, पुढच्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. पटकथेच्या टप्प्यावर त्याला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीची मदत होती. म्हणजे चित्रपट होण्याआधी ती जाणकारांनी कागदावर वाचलेली होती. तीच पटकथा एखाद्या सरधोपट वाचकाच्या टेबलावर गेली असती तर त्याने काय लिहिले असते? पुढचे शेरे मी रचलेले आहेत. पण असे शेरे मी विद्यार्थ्यांच्या कागदांवर इतके वाचले आहेत की ते रचायला वेळ लागला नाही.

पहिला शेरा: नायक कोण? लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार नावाच्या गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. म्हणजे नायक कांबळे असायला हवा. पण तो बराच काळ दिसतच नाही. पटकथा बचावाचा वकील विनय व्होरा, सरकारी वकील नूतन आणि न्यायाधीश सदावर्ते यांच्या मागे त्यांच्या घरापर्यंत जाते. वाचक लिहील: ‘कांबळेवर लक्ष केंद्रित करावे.’ निरीक्षण अगदी बरोबर आहे, कांबळे खरोखर गायब होतो. पण तो आपल्याला दिसत नाही, कारण तो व्यवस्थेलाच दिसत नाही. तिच्या लेखी तो फाइलवरचे एक नाव आणि पुढची तारीख आहे. विरा साथीदार यांनी ही भूमिका ज्या थकलेल्या शांतपणाने केली आहे, ती कांबळे कमी दिसतो म्हणूनच टोचते. शेऱ्याप्रमाणे दुरुस्ती केली असती तर एका शूर शाहिराची कथा तयार झाली असती आणि न्यायालय मागचे नेपथ्य होऊन बसले असते.

दुसरा शेरा सगळ्यांना पाठ असलेला: दाखवा, सांगू नका. वासुदेवची विधवा साक्षीला उभी राहते. वास सहन व्हावा म्हणून नवरा दारू पिऊन गटारात उतरायचा, उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजायचा, हे ती सांगते. आवाज सपाट, डोळ्यांत पाणी नाही. वाचक म्हणेल, इतका जबरदस्त तपशील संवादात वाया घालवला, फ्लॅशबॅकमध्ये दाखवा. पण विचार करा: गटार, खडा, झुरळे पडद्यावर दाखवली असती तर आपण ती पाहून हळहळलो असतो. इथे आपण ती न्यायालयात बसून ऐकतो, आणि त्या माहितीचे न्यायालय काय करते तेही पाहतो. तिच्या तोंडचे वाक्य टंकलेखकापर्यंत पोचताना त्याची जी शासकीय भाषा होते, ती या चित्रपटाची खरी घटना आहे. प्रसंग ‘दाखवायचा’ म्हणजे काय दाखवायचे, हे आधी ठरवावे लागते.

तिसरा शेरा शेवटावर. सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा जवळजवळ काळा होतो. चित्रपट संपला असे वाटते. मग तो पुन्हा सुरू होतो आणि न्यायाधीशांच्या सहलीला जातो. तिथे ते कोणाला तरी मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला देतात, बाकावर डुलकी घेतात, पोरे ओरडून त्यांना दचकवतात आणि हाती लागलेल्या एका मुलाला थप्पड बसते. व्यावसायिक वाचक इथे लाल रेघ मारणारच: खटल्याचा निकाल नाही, मुख्य पात्रे नाहीत, शेवटची पाने काढावीत. मला विचाराल तर हा शेवट काढला असता तर ‘कोर्ट’ एक सज्जन, अभ्यासू चित्रपट झाला असता, आणि महिन्याभरात विसरला गेला असता.

म्हणजे वाचक नेहमी चुकतो का? नाही. एक शेरा मी स्वतः दिला असता. नूतन कुटुंबासह नाटकाला जाते आणि नाटक नेमके परप्रांतीयांच्या द्वेषावर टाळ्या घेणारे असते, तो प्रसंग मला ठासून भरलेला वाटतो. तिचा लोकलचा प्रवास, मुलाला घेऊन घरी येणे, स्वयंपाक, यांतून ती माणूस म्हणून उभी राहते आहे. नाटक येऊन तिच्यावर शिक्का मारते. वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश, प्रत्येकाच्या घरगुती आयुष्यात एकेक दोष सापडलाच पाहिजे, हा थोडा हिशेबीपणा आहे. माझा हा शेरा आणि वरचे तीन यांत फरक कुठे पडतो? वरचे तीन चित्रपटाला दुसरा चित्रपट व्हायला सांगतात. माझा शेरा, तो चूक असला तरी, हा चित्रपट जे करू पाहतो त्याच बाजूने बोलतो. तुमच्या हातातल्या कागदावरचे मुद्दे याच चाळणीतून घाला.

पण पटकथेवरचे शेरे खरोखर अमलात आणले तर काय होते, ते पडद्यावर पाहायचे असेल तर? मूळ आणि रिमेक शेजारी ठेवा. रिमेक म्हणजे कोणीतरी मूळ पटकथा वाचून, दुरुस्त्या सुचवून, त्या करूनही टाकलेल्या असतात. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ चा, आणि शशांक खेतान यांचा ‘धडक’ २०१८ चा. (मधल्या वर्षी कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ झाला, त्यातही रिंकू राजगुरूच होती; आमच्या इथल्या मुलांना तो माहीत असतो.)

‘सैराट’ जवळजवळ तीन तासांचा आहे, ‘धडक’ सव्वादोन तासांच्या आसपास. कात्री कुठे लागली? हैदराबादच्या झोपडपट्टीतला मोठा भाग ‘सैराट’मध्ये गाण्यांशिवाय, घाई न करता जातो. उपाशी दिवस, डोशाची गाडी, आर्चीची कारखान्यातली नोकरी, संशयावरून झालेले भांडण, तिचे निघून जाणे आणि परत येणे. ‘मध्यंतरानंतर गती मंदावते’ हे यावरचे वाक्य तुम्ही कुठेही वाचू शकता, आणि ते खरेही आहे. पण पाटलाची पोर आणि परशा यांनी संसार स्वतःच्या हाताने, विटेवर वीट ठेवून उभा केला, हे आपण त्या मंद गतीत पाहिलेले असते. म्हणून शेवटी बाळाच्या रक्ताळलेल्या पावलांवर आवाज बंद होतो तेव्हा काय मोडले ते आपल्याला सांगावे लागत नाही.

‘धडक’मध्ये जातीचा उल्लेख इतका पुसट झाला की वैर नेमके कशाचे हे श्रीमंती आणि राजकारणावर ढकलावे लागले. शेवटही बदलला: मुलगा आणि बाळ मरतात, मुलगी वाचते. हा बदल कागदावर वाईट नाही. धक्का आहे, आणि ज्यांना ‘सैराट’चा शेवट ठाऊक होता त्यांच्यासाठी नवेपणा आहे. पण ‘सैराट’मध्ये वाचते ते बाळ, आणि त्यात पुढच्या पिढीच्या हाती काय दिले हा प्रश्न आहे. तो प्रश्न दुरुस्तीत गळाला. प्रत्येक बदलामागचे कारण समजण्यासारखे होते, तरी सगळे बदल मिळून मूळ गोष्ट हातातून निसटली.

इथे तुमच्या शाखेतले एक उदाहरण उपयोगी पडेल. सी भाषेत अर्धविराम राहिला तर कंपायलर बऱ्याचदा पुढच्या ओळीवर चूक दाखवतो. तो खोटे बोलत नाही. तो जिथे अडखळला ते सांगतो. चूक कुठे आहे हे तुम्हाला वर जाऊन शोधावे लागते. पटकथेच्या वाचकाचेही तसेच असते. ‘साठाव्या पानावर मुलीचा निर्णय पटत नाही’ असे तो लिहितो, आणि तुम्ही साठावे पान पाच वेळा लिहिता. दोष विसाव्या पानावर असतो, जिथे तिची भीती पेरायची राहिली. ‘सैराट’मध्ये आर्चीचा भाऊ वर्गात प्राध्यापकांना थप्पड मारतो, तो प्रसंग आठवा. त्या वेळी तो गुंडगिरीचा एक नमुना वाटतो. शेवटच्या प्रसंगात याच माणसाला भेटवस्तू घेऊन शांतपणे बसलेला पाहून आपला घसा कोरडा पडतो तो त्या थपडेमुळे. ती कोणी ‘अनावश्यक’ म्हणून कापली असती, तर तक्रार शेवटावर आली असती.

म्हणून अभिप्रायातली वाक्ये दोन रंगांत अधोरेखित करा. वाचकाला काय झाले ते सांगणारी वाक्ये एका रंगात: कंटाळलो, गोंधळलो, हा माणूस त्याचा भाऊ आहे हे उशिरा कळले. काय करावे ते सांगणारी दुसऱ्या रंगात. पहिल्या रंगाशी वाद घालू नका. कंटाळलेल्या माणसाला ‘तू कंटाळला नाहीस’ असे पटवता येत नाही. दुसऱ्या रंगाची वाक्ये पाळलीच पाहिजेत असे नाही, पण प्रत्येकीमागे पहिल्या रंगाचे कोणते वाक्य दडले आहे ते शोधा. दोन अनोळखी वाचक एकाच जागी अडखळले तर तिथे काहीतरी नक्की आहे, मग त्यांनी सुचवलेले उपाय परस्परविरोधी असोत.

अभिप्राय मिळवायचा कुठून? एनएफडीसीची पटकथा प्रयोगशाळा हा आपल्याकडचा परिचित मार्ग. तिथे निवडक पटकथांवर मार्गदर्शकांबरोबर काही महिने काम होते. ‘द लंचबॉक्स’ त्या वाटेने गेलेला आहे. स्क्रीनरायटर्स असोसिएशनही लेखकांसाठी उपक्रम घेते. प्रयोगशाळांचीही स्वतःची चव असते, महोत्सवांना रुचणाऱ्या संयत, अबोल पटकथांकडे त्या झुकतात, हे धरून चाला. शुल्क घेणारे वाचक निवडताना त्यांनी कुठल्या भाषेतले काय वाचले आहे ते विचारा. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी चारही भाषा आहेत; वसतिगृहावरच्या तुमच्या कथेतही तसे असेल, तर ते सगळे एका भाषेत करायला सांगणारा वाचक तुमच्या कामाचा नाही. आणि पटकथा विकून देण्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका.

राहिला चोरीचा धसका. या भीतीने कित्येक मुले पटकथा कोणालाच दाखवत नाहीत. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार लिहिल्या क्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य होऊन केलेली नोंद तारखेचा पुरावा म्हणून कामी येते. पण कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, तिच्या मांडणीला देतो. आर. जी. आनंद यांचे ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट, दोन्हींत प्रांतभेदामुळे अडणाऱ्या लग्नाचा विषय होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७८ मध्ये आनंद हरले: विषय समान असला तरी मांडणी वेगळी, म्हणून नक्कल नाही. तेव्हा दोन ओळींची कल्पना चहाच्या टपरीवर सांगत फिरू नका. पूर्ण लिहिलेली पटकथा मात्र तारखेसह, ईमेलने, निःशंकपणे पाठवा. सोबत तीन प्रश्न लिहा: कुठे थांबावेसे वाटले, ही गोष्ट कोणाची वाटली, आणि चाळिसाव्या पानावर पुढे काय होईल असे वाटत होते. उत्तरे आली की आठवडाभर पटकथेला हात लावू नका. तोवर ‘कोर्ट’ आणि ‘सैराट’ पुन्हा पाहा, कागद-पेन्सिल घेऊन, आणि त्यांच्यावर तुमचे स्वतःचे दीड पान लिहा.