तबला : अनिल भागवत

बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' ही एल.पी. ५ ऑगस्ट १९६६ रोजी इंग्लंडमध्ये निघाली. तिच्या कव्हरच्या मागच्या बाजूला, गाण्यांच्या यादीत, 'लव्ह यू टू' या गाण्यापाशी एक नाव छापलेले आहे : अनिल भागवत, तबला. त्या काळी बाहेरून बोलावलेल्या वादकांची नावे अशा रेकॉर्डवर क्वचितच येत. याच एल.पी.वर 'एलेनॉर रिग्बी' आहे. त्यात चार व्हायोलिन, दोन व्हिओला आणि दोन चेलो वाजतात, पण त्या आठ जणांपैकी एकाचेही नाव कव्हरवर नाही. भागवतांचे मात्र आहे.

जॉर्ज हॅरिसनने १९६६ ते १९६८ या काळात बीटल्ससाठी तीन गाणी अशी केली, की ज्यांचा मुख्य साज हिंदुस्थानी वाद्यांचा आहे : 'लव्ह यू टू', 'विदिन यू विदाउट यू' आणि 'द इनर लाइट'. त्याआधी १९६५ मध्ये 'रबर सोल'मधल्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये त्याची सतार ऐकू आली होती. पण तिथे ती गिटारच्या जोडीला होती. या तीन गाण्यांवर इंग्रजीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात हॅरिसनची आध्यात्मिक ओढ येते, पंडित रविशंकरांचे शिष्यत्व येते, 'पूर्वेचा प्रभाव' येतो. वाद्ये वाजवणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न बहुतेक वेळा तळटीपेत जातो. हा प्रश्न तळटीपेतून वर काढला तर ही गाणी वेगळी ऐकू येतात, असे माझे म्हणणे आहे. तेवढेच या लेखात मांडतो.

माझी ऐकण्याची जागा आधी सांगतो, कारण तिचा विषयाशी संबंध आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. 'जालना, सोने का पालना' म्हणवणाऱ्या या गावाच्या मोंढ्यात धान्यापासून लोखंडापर्यंत सगळे मिळे, पण इंग्रजी गाणी मिळत नसत. ती रात्री शॉर्टवेव्हवर बी.बी.सी.च्या जागतिक सेवेवर यायची. डेव्ह ली ट्रॅव्हिस फर्माइशी घ्यायचा, आणि आवाज मध्येच लांब जाऊन परत यायचा. पुढे औरंगाबादहून कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणणे सुरू झाले. त्या कॅसेटवर दुकानदाराच्या अक्षरात 'बीटल्स - २' एवढेच लिहिलेले असे. कव्हर नाही, वर्ष नाही, वादक तर नाहीतच. त्यामुळे आमच्या पिढीतल्या गावाकडच्या रसिकांनी हे संगीत निव्वळ कानांनी ओळखले. त्याचा एक फायदा झाला. भजनातला पखवाज आणि कीर्तनातली पेटी ऐकून तयार झालेल्या कानाला तबला अनोळखी नव्हता. लंडनच्या समीक्षकाला जे अद्भुत वाटले ते आम्हाला ओळखीचे वाटले, आणि म्हणून 'हे वाजवतंय कोण?' हा प्रश्न आम्हाला आधी पडला.

आता गाण्यांकडे वळू. 'लव्ह यू टू'चे ध्वनिमुद्रण ११ एप्रिल १९६६ रोजी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सुरू झाले. कर्नाटकातून इंग्लंडला गेलेले अयाना अंगडी आणि त्यांच्या पत्नी पॅट्रिशिया यांनी १९४६ मध्ये लंडनला 'एशियन म्युझिक सर्कल' स्थापन केले होते. वादक तिथून आले. अंगडींनी फोन करून भागवतांना बोलावले. कोणासाठी वाजवायचे आहे, हे त्यांना मोटार न्यायला आली तेव्हा कळले. हॅरिसनने रविशंकरांच्या धर्तीचे सोळा मात्रांचे काही वाजवायला सांगितले आणि बाकीचे त्यांच्यावर सोपवले.

हे सोपवणे गाण्यात ऐकू येते. सुरुवातीचा आलाप अर्ध्या मिनिटाच्या आसपास आहे. त्यात लय नाही. सूर काफी थाटाचे आहेत. मग तबला येतो आणि गाण्याला जमीन मिळते. शेवटी लय वाढते आणि द्रुतात गाणे विरून जाते. आलाप, गत, द्रुत हा सतारवादनाच्या मैफलीचा क्रम तीन मिनिटांत बसवला आहे. तो बसतो का? माझ्या मते पूर्ण बसत नाही. अर्ध्या मिनिटात आलाप रागाचे दार उघडून लगेच लावून घेतो. गायनाची चाल मोजक्याच सुरांत फिरते आणि शब्द स्वरांवर रेलण्याऐवजी त्यांच्यावर आदळतात. तरी गाणे कोसळत नाही, कारण तबला त्याला धरून ठेवतो. सतार कोणी वाजवली यावर इंग्रजी समीक्षकांनी बराच वाद घातला आहे. गाणे ज्याने तोलून धरले त्याच्याविषयी वाद नाही, कारण त्याचे नाव कव्हरवर आहे. त्याच्या वादनाविषयी चर्चाही फारशी नाही.

दुसरे गाणे १९६७ चे, 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'मधले. 'विदिन यू विदाउट यू' पाच मिनिटांचे आहे आणि त्यात हॅरिसनखेरीज दुसरा एकही बीटल नाही. सूर खमाज थाटाचे. गाणाऱ्याच्या मागोमाग दिलरुबा जातो, ख्यालाच्या मैफलीत सारंगी जाते तसा. मधल्या वादनाच्या तुकड्यात सोळा मात्रा सोडून दहा मात्रांचा झपताल येतो आणि दिलरुबा व पाश्चात्त्य तंतुवाद्ये यांच्यात सवाल-जबाब होतो. निर्माता जॉर्ज मार्टिनने आठ व्हायोलिन आणि तीन चेलो वापरले आणि त्या वादकांना दिलरुब्याची मींड उचलायला लावली. हे सोपे काम नव्हे. पट्टीवर बोट ठेवून नेमका सूर काढायची सवय असलेल्या हाताला दोन सुरांमधल्या जागेत राहायला सांगणे म्हणजे त्याचे वळणच बदलणे होय. नेणारा दिलरुबा होता आणि मागून चालणारे लंडनचे वादक होते. हे नाते उलटे झाले असते तर गाणे चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासारखे गोड झाले असते. तसे झाले नाही, हे त्याचे मोठेपण.

आता या एल.पी.चे कव्हर पाहा. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कव्हरांपैकी ते एक. त्यावरच्या गर्दीत चार भारतीय चेहरे आहेत : महावतार बाबाजी, लाहिरी महाशय, श्रीयुक्तेश्वर आणि परमहंस योगानंद. गांधीजींचेही चित्र होते. भारतात रेकॉर्डच्या खपावर परिणाम होईल या भीतीने कंपनीने ते काढायला लावले. म्हणजे भारतीय योगी कव्हरवर आहेत, कोणता भारतीय चेहरा ठेवावा याची चर्चा झाली आहे, आणि आत पाच मिनिटे वाजवणाऱ्या भारतीय वादकांचे नाव कुठेच नाही. अण्णा जोशी आणि अमृत गज्जर (दिलरुबा), नटवर सोनी (तबला), बुद्धदेव कंसारा (तंबोरा) ही नावे २०१७ मध्ये, एल.पी.ला पन्नास वर्षे झाली तेव्हा, लिव्हरपूलमधल्या संशोधनातून आणि कार्यक्रमातून लोकांपुढे आली. दिलरुब्यापुढे 'अण्णा जोशी' हे नाव वाचताना मराठी वाचक क्षणभर थांबेलच.

इथे एक आक्षेप घेता येईल. नावे न छापणे हा त्या धंद्याचा रिवाज होता. 'एलेनॉर रिग्बी'च्या आठ गोऱ्या वादकांनाही तो लागू होता. मग यात भारतीयांवर वेगळा अन्याय कोणता? आक्षेप खरा आहे. मानधन आणि मान यांच्या हिशेबात दोघांची स्थिती एकच. फरक समीक्षेत पडतो. 'एलेनॉर रिग्बी'च्या व्हायोलिनवादकांचे नाव नसले तरी ते व्हायोलिनवादक होते, नोटेशन वाचून वाजवणारे व्यावसायिक होते, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. दिलरुबावाल्याचे नाव नसले की त्याच्या जागी 'पूर्व' येऊन बसते. कसब जाते आणि गूढ उरते. मग समीक्षक धूप, ध्यान आणि गंगेचा घाट यांच्याविषयी लिहू लागतो. मींड, झपताल आणि साथ यांच्याविषयी लिहीत नाही.

तिसऱ्या गाण्याने हा मुद्दा पक्का होतो. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईला आला. 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत करण्यासाठी त्याने फोर्टमधल्या फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत काम केले. भास्कर मेनन यांनी त्याच्यासाठी दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. बाहेरच्या रहदारीचा आवाज आत येई. त्याच दिवसांत 'द इनर लाइट'चा वाद्यांचा भाग तिथे मुद्रित झाला; गायन नंतर लंडनला झाले. सरोदवर आशिष खाँ, पखवाजावर महापुरुष मिश्र, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, शहनाईवर हनुमान जादेव, पेटीवर रिजराम देसाद. १५ मार्च १९६८ रोजी ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघाले. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसनची ही पहिली रचना. तिच्यावरही वादकांची नावे नव्हती.

तिन्ही गाण्यांत मला हे सर्वांत सुघड वाटते. अडीच मिनिटांच्या पलीकडे थोडेसेच. जलद वादनाचा तुकडा आणि संथ गायन आलटून पालटून येतात. वादनाच्या तुकड्यात सरोद, शहनाई आणि पखवाज पुढे, गायन आले की ती मागे सरतात आणि बासरी व पेटी उरतात. कुठेही दाटी नाही, कुठेही अर्धवट उघडलेला राग नाही. 'लव्ह यू टू'त मैफल तीन मिनिटांत दाबून बसवली होती. इथे मुळातच छोट्या आकाराचा विचार आहे.

हा आकार कोठून आला? हॅरिसनची समज दोन वर्षांत वाढली, हे एक कारण. दुसरे कारण, माझ्या मते अधिक वजनाचे, मुंबई. मुखडा, मधले संगीत, अंतरा, पुन्हा मधले संगीत हा साचा इथल्या चित्रपटगीतांचा आहे. शिवकुमार शर्मा, चौरसिया, देसाद हे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांना सरावलेले वादक. शर्मांचे संतूर १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त वाजले होते. चाल तासाभरात आत्मसात करायची, आपली जागा किती सेकंदांची आहे हे ओळखायचे, तेवढ्यात बोलायचे आणि बाजूला व्हायचे, हे शिक्षण त्यांना रोजच्या कामाने दिले होते. 'द इनर लाइट'चे शब्द ताओ ते चिंगवरून आले, हे सगळे सांगतात. त्याची बांधणी मुंबईच्या स्टुडिओतल्या कारागिरीची आहे, हे वादकांची नावे कळल्यावरच सुचते. म्हणून नाव देणे हा समीक्षेला आवश्यक असा पुरावा ठरतो. त्याकडे निव्वळ सौजन्य म्हणून पाहून चालणार नाही.

हॅरिसनच्या बाजूनेही नोंद करायला हवी. नोव्हेंबर १९६८ मध्ये निघालेल्या 'वंडरवॉल म्युझिक'वर मुंबईच्या वादकांची नावे छापली आहेत. सूरबहारवरचे चंद्रशेखर नारिंग्रेकर आणि बासरीवरचे एस. आर. केंकरे त्यांतलेच. ॲपल कंपनीची ती पहिली एल.पी. स्वतःच्या नावाने पहिली एल.पी. काढताना हॅरिसनने ही नावे वगळली नाहीत. १९७४ मध्ये रविशंकरांचा भारतीय वादकांचा मोठा संच त्याने युरोपात व अमेरिकेत नेला, त्यातही रिजराम देसाद होते, पखवाज आणि ढोलकी घेऊन.

मग लंडनवाल्यांना बोल लावताना आपल्या घरातही पाहिले पाहिजे. सी. रामचंद्र हे पुणतांब्याचे. १९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी गोव्याच्या आल्दोना गावच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि त्याचा बँड आणला, आणि रॉक अँड रोल जगात गाजण्याआधी आपल्याकडे लोक त्या ठेक्यावर नाचले. पण त्या गाण्यांच्या रेकॉर्डवर गायक आणि संगीतकार यांचीच नावे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या अरेंजरांचे काम पुस्तकरूपाने नीट नोंदले जायला २००८ मध्ये ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' यावे लागले, आणि तेही ऑकलंड विद्यापीठातल्या एका अभ्यासकाकडून.

आणखी जवळ यायचे तर आमच्या जालन्यात. गणपतीत, लग्नात वाजणाऱ्या ऑर्केस्ट्रांची जुनी हँडबिले मी जमवतो. त्यांवर गायक-गायिकांची नावे ठळक असतात, निवेदकाचे असते, मंडपवाल्याचे तर असतेच. खाली 'व सहकारी' असते. या सहकाऱ्यांत ॲकॉर्डियनवर 'अलबेला' वाजवणारे होते आणि पुढे कीबोर्डवर 'लेट इट बी' बसवणारेही होते. सध्या मी त्यांना एकेक करून भेटतो आणि वहीत लिहून घेतो : नाव, गाव, वाद्य, कोणाकडून शिकले, कोणत्या साली कुठे वाजवले. त्यांतले काही जण सत्तरी ओलांडून गेले आहेत. ज्यांच्या घरी अशी हँडबिले, फोटो, कॅसेट पडून असतील त्यांनी त्यांच्या मागच्या बाजूला आजच पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. पन्नास वर्षांनी शोधायला लिव्हरपूलसारखे शहर आपल्यामागे उभे असेलच असे नाही.