टर्कीच्या पोशाखातला माणूस

२२ नोव्हेंबर १९९०. अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात डब्ल्यूडब्ल्यूएफची 'सर्व्हायव्हर सिरीज' चालू होती. त्या एकाच रात्री दोन नवी पात्रं टीव्हीवरच्या प्रेक्षकांसमोर आली. एक होता अंडरटेकर. दुसरं पात्र एका भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडलं. ते अंडं कित्येक आठवडे कार्यक्रमांतून मिरवलं जात होतं आणि आत काय असेल याची उत्सुकता ताणली जात होती. आतून निघाला टर्कीच्या पिसांच्या पोशाखातला एक माणूस, नाव गॉबल्डी गुकर. तो निवेदक जीन ओकरलंडला घेऊन रिंगमध्ये नाचला आणि लोकांनी त्याची हुर्यो उडवली.

'सर्वांत वाईट गिमिक' अशी कुठलीही यादी उघडा, गुकर वरच्या पाचात सापडतोच. रील्सवर त्याच्या नाचाला अजून हसू मिळतं. मीही हसतो. पण हे हसू नेमकं कोणाला लागतं, हे एकदा तपासून बघावं असं मला वाटतं.

आधी एक साधा प्रश्न. कागदावर लिहून काढलं तर अंडरटेकर तरी काय कमी हास्यास्पद आहे? प्रेतं पुरणारा माणूस, त्याला मार लागत नाही, आणि त्याची सगळी ताकद मॅनेजरच्या हातातल्या अस्थिकलशात! तरीही हा माणूस तीस वर्षं टिकला. २०२० साली त्याच तारखेला त्याला निरोप दिला गेला.

फरक कल्पनेच्या दर्जाचा नाही. अंडरटेकरच्या गिमिकमध्ये लढायचं कसं, याचं उत्तर होतं. तो सावकाश चालतो, ठोसा बसला तरी चेहरा हलत नाही, आडवा पडला की कमरेतून ताठ उठून बसतो. टर्कीने लढायचं कसं? याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पोशाख शिवून झाला होता, पण कुस्ती लिहायची राहून गेली होती.

आपल्याकडचा बहुरूपी आठवा, काही भागांत त्याला रायरंद म्हणतात. तो पोलीस होऊन दारात येतो, वॉरंट आहे म्हणून दरडावतो. सोंग आहे हे घरातल्यांना कळतं, तरी क्षणभर छातीत धस्स होतं आणि मग हसत हसत त्याच्या हातावर पैसे ठेवले जातात. ते पैसे खाकी कपड्यांचे नसतात, त्याच्या जिभेचे असतात. डोइंक नावाचा विदूषक याच कारणाने सुरुवातीला जबरदस्त होता. मॅट बोर्नने त्याला कपटी, खुनशी केलं होतं. सर्कशीचं संगीत मध्येच भेसूर व्हायचं, आणि एकदा तर त्याने क्रश नावाच्या पैलवानाला खोट्या हाताने झोडपलं. पुढे कंपनीने डोइंकला सज्जन केलं, जोडीला डिंक नावाचा बुटका विदूषक दिला. बोर्न गेला, रंगामागे दुसरे आले. विग तोच होता, पण आतली खुन्नस गेली होती.

नव्वदीच्या मध्यावर तर डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये कोणीतरी धंद्यांची यादी घेऊनच बसलं असावं. कचरा गोळा करणारा ड्यूक ड्रोझी, डुकरं पाळणारा हेन्री गॉडविन, प्लंबर टी. एल. हॉपर आणि दातांचा डॉक्टर आयझॅक यँकेम. यँकेमच्या नावातच 'दात उपटा' असा विनोद लपलेला. आयझॅकच्या पोशाखात होता ग्लेन जेकब्ज.

या जेकब्जची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. १९९६ साली केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल कंपनी सोडून प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूमध्ये गेले. त्यांची 'डिझेल' आणि 'रेझर रॅमोन' ही नावं मात्र कंपनीच्या मालकीची होती. म्हणून कंपनीने त्याच कपड्यांत दुसरी माणसं उभी केली. जेकब्ज झाला नवा डिझेल. लोकांनी साफ झिडकारलं. कायद्याने पात्र कंपनीचं होतं, पण प्रेक्षकांच्या लेखी ते नॅशच्या अंगात होतं. पुढच्याच वर्षी त्याच जेकब्जला मुखवटा घालून अंडरटेकरचा भाऊ 'केन' म्हणून आणलं, आणि तो वर्षानुवर्षं गाजला. माणूस तोच, अंगातली ताकद तीच. तिसऱ्या वेळी त्याला सूड घ्यायला एक भाऊ मिळाला होता.

नकली पात्राचा असाच एक धागा आपल्यापर्यंत येतो. १९९४ साली ब्रायन ली या पैलवानाला तोतया अंडरटेकर म्हणून खऱ्या अंडरटेकरसमोर उभं केलं होतं. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षयकुमार ज्या अंडरटेकरशी भिडतो, तो हाच ब्रायन ली. सोंगाचं सोंग, तेही हिंदीत!

इथवर गंमत आहे. पण 'जुने मजेशीर गिमिक' या एकाच पोत्यात आणखीही काही भरलेलं असतं. मिसिसिपीतल्या जेम्स हॅरिस या कृष्णवर्णीय पैलवानाला 'कमाला' नावाचा युगांडाचा रानटी माणूस केलं गेलं. चेहऱ्यावर रंग, अनवाणी पाय, आणि त्याने एक शब्दही बोलायचा नाही. जॉर्ज ग्रे हा गोरा पैलवान 'अकीम, द आफ्रिकन ड्रीम' झाला आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्याची नक्कल करू लागला. टर्कीच्या पोशाखाने फक्त आतल्या माणसाची फजिती केली. कमालाच्या रंगाने एका अख्ख्या खंडाची केली, आणि ती करायला लावली एका काळ्या माणसाच्याच तोंडून, त्याला मुकं ठेवून.

२००१ च्या 'रेसलमेनिया'त ह्यूस्टनला जुन्या गिमिकांची एक बॅटल रॉयल झाली. गुकर, डोइंक, ड्यूक ड्रोझी आणि कमाला, सगळे एकाच रिंगमध्ये. ज्यांची एकेकाळी थट्टा झाली, त्यांना मानाने बोलावलं हे चांगलंच झालं. पण स्मरणरंजनाची खोड तिथेच दिसते. जुनं झालं की ते वेंधळं आणि विखारी यांना एकाच मापाने मोजतं.

याद्यांची दुसरी खोड मला जास्त टोचते. त्यांत नावं असतात ती पोशाख घालणाऱ्यांची. ज्या खोलीत तो पोशाख ठरला, तिथली माणसं यादीत येत नाहीत. पैलवान कंपनीचा पगारी नोकरही नव्हता, कंत्राटावरचा होता. 'मी टर्की होणार नाही' म्हणणं त्याला किती परवडलं असतं?

त्या पिसांच्या आत हेक्टर गुरेरो होता. मेक्सिकोच्या नामांकित कुस्ती घराण्यातला, गोरी गुरेरोचा मुलगा, आपल्या लाडक्या एडीचा थोरला भाऊ. त्याला कुस्ती उत्तम येत होती. त्या रात्री त्याला नाचायला सांगितलं होतं, आणि तो नाचला.