‘गोदान’मधील गाय : प्रतीक, व्यक्ती आणि समाज

कादंबरीतील प्रतीकांचा विचार करताना टीकाकाराच्या हातून एक घाई वारंवार होते. एखादी वस्तू कथानकात दोन-तीन वेळा आली की तिचा ‘अर्थ’ सांगून तो मोकळा होतो, आणि ती वस्तू कथानकात प्रत्यक्ष कोणते कार्य करते हे पाहावयाचे राहून जाते. प्रेमचंदांच्या ‘गोदान’ (१९३६) या कादंबरीतील गायीच्या वाट्याला बहुधा हेच आले आहे. गाय म्हणजे भारतीय शेतकऱ्याची अतृप्त आकांक्षा, असे समीकरण एकदा मांडले की विवेचन संपते. हे समीकरण चुकीचे नाही. ते अपुरे आहे. या कादंबरीत गाय प्रथम इच्छेचा विषय म्हणून येते, मग कर्जाची बाब होते आणि अखेरीस विधीचे साधन म्हणून मागितली जाते. या तीन अवस्थांचा परस्परसंबंध तपासला, तर होरीचा स्वभाव आणि त्याच्या भोवतीचा समाज यांना जोडणारा दुवा हाती लागतो.

अवधमधील बेलारी या गावचा होरी हा लहान शेतकरी आहे. कादंबरीच्या आरंभी त्याने अद्याप चाळिशीही गाठलेली नाही. परंतु कर्ज आणि कष्ट यांनी तो अकाली वाकला आहे. दारी गाय असावी ही त्याची जुनी हौस. मुलाबाळांच्या पोटी दूध जावे हा तिचा एक भाग झाला. पण गायीने दाराला शोभा येते, जाणारा-येणारा ‘हे घर कोणाचे’ म्हणून विचारतो, हा तिचा दुसरा आणि अधिक प्रबळ भाग होय. होरीच्या इच्छेत गरज आणि प्रतिष्ठा यांची सुरुवातीपासूनच अशी गुंफण झालेली आहे. प्रतिष्ठेसाठी ज्याला गाय हवी आहे, त्याला ती प्रतिष्ठा देणारा समाजही मान्य असतो. त्याच्या पुढील सर्व वर्तनाचे बीज येथे आहे.

गाय मिळविण्याचा प्रसंग या दृष्टीने सूक्ष्मपणे पाहण्यासारखा आहे. जमीनदार रायसाहेबांच्या भेटीस निघालेल्या होरीला वाटेत भोला गवळी भेटतो. भोला विधुर आहे. त्याचे लग्न जुळवून देण्याचे गाजर दाखवून होरी त्याच्याकडून गाय उधारीने मिळविण्याच्या बेतात येतो. हा होरीचा धूर्तपणा. परंतु भोलाकडे जनावरांना वैरण उरलेली नाही हे कळताच अडलेल्या माणसाची गाय घेणे त्याला प्रशस्त वाटत नाही, आणि उलट आपल्याकडचा भुसा तो त्याला देऊ करतो. ही दोन्ही वर्तने एकाच माणसाची आहेत आणि एकाच भेटीत घडतात. होरीला केवळ भोळा, सोशीक शेतकरी मानणाऱ्या वाचनाला या प्रसंगाचा उलगडा करता येणार नाही.

गाय घरी येते, सारा गाव ती पाहावयास लोटतो; येत नाहीत ते होरीचे वेगळे झालेले भाऊ. एकत्र कुटुंबातील पैसा दाबून ठेवून त्याने गाय आणली, असा त्यांचा संशय. पुढे हीरा हा भाऊ गायीला विष घालतो. येथून गायीची दुसरी अवस्था सुरू होते, आणि ती तिच्या मृत्यूनंतरची आहे. हीराला गायीपाशी उभा असलेला होरीने पाहिले आहे. तरीही भावावर बालंट येऊ नये म्हणून तो आपल्या मुलाच्या, गोबरच्या, डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो. फौजदार हीराच्या घराची झडती घेण्यास निघतो, तेव्हा घराण्याची अब्रू वाचविण्यासाठी लाच देण्याकरिता होरी पैसे उसने काढतो. ते पैसे धनिया हिसकावून घेते. ज्या अब्रूसाठी कर्ज काढावे लागते, तिचे व्याज कोण भरणार, हा धनियाच्या संतापाचा आशय आहे. या कुटुंबात व्यवहाराचे भान तिला आहे. होरीला मर्यादेचे आहे.

याच मर्यादेची किंमत पुढे अधिक चढते. गोबरपासून दिवस गेलेली भोलाची विधवा मुलगी झुनिया हिला होरी आणि धनिया घरात आसरा देतात. त्याबद्दल गावचे पंच १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य असा दंड ठोठावतात. होरी तो निमूटपणे मान्य करतो, कारण बिरादरीबाहेरचे जीवन त्याच्या कल्पनेतच येऊ शकत नाही. याच गावात दातादीन या ब्राह्मण सावकाराचा मुलगा मातादीन सिलिया या चांभार स्त्रीला ठेवून असतो. त्याला मात्र पंचांचा दंड होत नाही. दोन घरांसाठी समाजाचे दोन काटे आहेत. मागाहून भोला गायीच्या किमतीपोटी होरीचे बैल सोडून नेतो. मेलेली गाय अशा रीतीने जिवंत बैल घेऊन जाते, आणि बैल गेले की शेतकऱ्याचे शेतकरीपणही जाऊ लागते. होरी मजूर होतो तो या क्रमाने. येथे प्रतीक सावकारी हिशेबाच्या कागदावर उभे आहे. म्हणूनच ते कृत्रिम वाटत नाही.

होरी हा व्यवस्थेचा बळी आहे, हे मत रूढ आहे आणि ते खरेही आहे. परंतु तो त्या व्यवस्थेच्या मूल्यांचा निष्ठावंत वाहकही आहे, हे त्याबरोबर सांगितले पाहिजे. गोबर या मूल्यांविरुद्ध बोलतो, लखनौला जातो. होरीला ते जमत नाही. ज्या गुणांमुळे तो वाचकाला आदरणीय वाटतो, म्हणजे भावावरील माया, आश्रिताचा सांभाळ, दिलेल्या शब्दाची चाड, त्याच गुणांमधून त्याच्यावरचे ओझे वाढत जाते. जमीन वाचविण्यासाठी धाकट्या रूपाचे लग्न प्रौढ रामसेवकाशी लावून त्याबद्दल २०० रुपये स्वीकारण्याची पाळी येते, तेव्हा ज्या मर्यादेसाठी सारे सोसले तीच हातची जाते. होरीच्या शोकांतिकेचा कळस त्याच्या मृत्यूत नसून या व्यवहारात आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

अखेरच्या प्रकरणात नातवासाठी, मंगलसाठी, गाय घ्यावी म्हणून होरी उन्हात खडी वाहण्याची मजुरी करतो, रात्री धनियासह सुतळी वळतो, आणि उन्हाच्या झळेने कोसळतो. मरणासन्न होरीला गोदान करवावे असे रडत सुचविणारा पुरुष हीरा आहे: तोच, ज्याने गायीला विष घातले होते. प्रेमचंद यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाहीत. हीराच्या अश्रूंत खोटेपणा नाही. रूढीने दिलेले वाक्य तो रूढीप्रमाणे उच्चारतो. सुतळी विकून आलेले २० आणे धनिया पतीच्या थंड हातावर ठेवते आणि हेच याचे गोदान, असे दातादीनला सांगते. ज्याला आयुष्यभर गाय राखता आली नाही, त्याच्याकडून मरताना गाय मागितली जाते, आणि मागणारा हात सावकाराचा व पुरोहिताचा एकच आहे. २० आणे म्हणजे सव्वा रुपया, हे मराठी वाचकाच्या चटकन ध्यानी येईल. दक्षिणेच्या परिचित परिमाणातच त्या घराची शेवटची शिल्लक मोजली गेली आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या विधींच्या निमित्ताने शेतकरी कसा नागवला जातो, याची मांडणी महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात केली होती. फुले जे युक्तिवादाने सिद्ध करतात, ते प्रेमचंद एका स्त्रीच्या कृतीतून दाखवितात.

या प्रतीकाच्या आधारे कादंबरीच्या रचनेसंबंधीचा जुना आक्षेपही नेमका करता येतो. रायसाहेब, मेहता, मालती, खन्ना यांचे नागर कथानक ग्रामकथानकाशी एकजीव होत नाही, असे म्हटले जाते. खन्नांचा साखर कारखाना आणि होरीचा ऊस यांच्यामुळे दोन्हींचा आर्थिक संबंध येतो, हे खरे. जेथे तो येतो तेथे नागर भागही सतेज होतो. परंतु मेहता-मालतीच्या चर्चांमागे गायीसारखी, इच्छा आणि ऋण यांना एकत्र बांधणारी, एकही वस्तू नाही. त्यांचे विचार कळतात. ते विचार बाळगण्याची किंमत त्यांना मोजावी लागलेली क्वचितच दिसते. होरीच्या प्रत्येक विचाराची किंमत मात्र वाचकाला रुपये-आण्यांत ठाऊक असते. दोन्ही कथानकांतील तफावतीचे कारण लेखकाच्या सहानुभूतीत शोधण्यापेक्षा या फरकात शोधणे अधिक फलदायी ठरेल.