टीनाचा हात : ‘साइटसीअर्स’चं रसग्रहण

बेन व्हीटली दिग्दर्शित ‘साइटसीअर्स’ (२०१२) या चित्रपटात पहिला बळी जातो तो आइस्क्रीमच्या कागदावरून. डर्बीशरमधल्या क्रिच गावचं ट्राम संग्रहालय. ख्रिस आपल्या नव्या प्रेयसीला, टीनाला, मोठ्या हौसेनं तिथं घेऊन आलाय. जुन्या ट्राममध्ये एक माणूस कागद खाली टाकतो. ख्रिस त्याला तो उचलायला सांगतो, तो धुडकावून लावतो. थोड्या वेळानं ख्रिस कॅरव्हॅन मागं घेतो आणि तोच माणूस चाकाखाली येतो. टीना हादरून जाते. ख्रिसच्या चेहऱ्यावर मात्र क्षणभर समाधान उमटतं. अपघात की खून, हे कुणी बोलत नाही. आपण तो चेहरा पाहिलेला असतो, तेवढं पुरतं.

ओळख होऊन काही महिनेच झालेल्या जोडप्याची ही पहिली सहल. टीना तिशी ओलांडलेली, आईच्या धाकात राहणारी. घरातला कुत्रा तिच्या विणकामाच्या सुईनं मेला, आणि आईनं तिला त्याची माफी दिलेली नाही. ख्रिसला पुस्तक लिहायचंय आणि टीना त्याची प्रेरणा आहे, असं तो सांगतो. सुट्टी घेतल्याचंही सांगतो. खरं तर त्याची नोकरी गेलेली आहे. ही खोटी सुट्टी लक्षात ठेवून चित्रपट पाहावा. ख्रिसच्या रागाचं मूळ तिथं आहे.

कथानकातला सर्वांत धारदार प्रसंग मध्यावर येतो. टीनानं वाटेत सोबत घेतलेल्या दुसऱ्या कुत्र्यानं केलेली घाण उचला, असं एक सुखवस्तू गृहस्थ दोघांना बजावतो. मागणी रास्त आहे. पण त्याच्या स्वरातला वरचढपणा ख्रिसला सोसत नाही, आणि तो त्याला काठीनं ठेचतो. म्हणजे कागद टाकणाऱ्याला संपवणारा माणूस घाण उचला म्हणणाऱ्यालाही संपवतो! स्वच्छता, शिस्त, वारसा या ख्रिसच्या गप्पांचा फुगा इथं फुटतो. आत उरतो तो फक्त वर्गाचा सल : आपल्यापेक्षा मोठी कॅरव्हॅन, छापून आलेली पुस्तकं, ठसक्यात बोलणारी जीभ यांबद्दलची जळजळ. या मारहाणीवर व्हीटली विल्यम ब्लेकची ‘जेरुसलेम’ ही कविता ठेवतो, अभिनेता जॉन हर्टच्या खर्जातल्या आवाजात. ही कविता इंग्लंडमध्ये जवळपास राष्ट्रगीतासारखी गायली जाते. हिरवे डोंगर, पवित्र शब्द आणि रक्त एकाच चौकटीत आल्यावर हसावं की शहारावं कळत नाही. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या ब्रिटिश विनोदी भयपटांत इतका धीट क्षण दुसरा नाही.

यानंतर चित्रपट हळूच टीनाच्या ताब्यात जातो. लग्नाआधीची मौज करायला आलेली एक नवरी हॉटेलात ख्रिसचं चुंबन घेते, आणि टीना तिला बाहेर उतारावरून ढकलून देते. पुढं रस्त्यावर धावणाऱ्या एका माणसाला ती सहज उडवते. आता ख्रिस संतापतो. त्याच्या खुनांना निदान सबबी असतात, हिच्या खुनांना तेवढंही नाही! इथं पटकथेचं खरं मर्म आहे. टीनाला जगाचा राग नाही. तिला ख्रिसशी जवळीक हवी आहे आणि जवळीक साधायची जी रीत त्यानं शिकवली तीच ती गिरवते. सायकलला जोडायची चिमुकली कॅरव्हॅन बनवणारा भाबडा मार्टिन ख्रिसला आवडू लागतो, तेव्हा तो तिच्या लेखी सवत ठरतो. त्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको.

अ‍ॅलिस लो आणि स्टीव्ह ओरॅम यांनीच पटकथा लिहिली आणि तेच टीना-ख्रिस झाले. एमी जंपनंही लेखनात भर घातली. टीव्हीवाल्यांना ही कल्पना फारच काळी वाटली होती. ‘शॉन ऑफ द डेड’वाला एडगर राइट कार्यकारी निर्माता म्हणून पाठीशी उभा राहिला. तुटपुंज्या पैशाची खूण पडद्यावर आहेच, पण ती चित्रपटाच्या फायद्याची ठरते. केझिकचं पेन्सिल संग्रहालय, ओले डोंगर, कोंदट कॅरव्हॅन ही सगळी खरी ठिकाणं आहेत. त्यांच्या साधेपणामुळेच हिंसा अंगावर येते. पेन्सिल संग्रहालयातली अगडबंब पेन्सिल घेऊन टीना लिहायला बसते, तेव्हा हसू येतं आणि तिच्या एकटेपणानं पोटात कालवतंही.

शेवट रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या रेल्वे पुलावर. कॅरव्हॅन पेटवून दोघं हातात हात घेऊन वर उभे राहतात. एकत्र उडी मारायचं ठरलेलं. ऐन क्षणी टीना हात सोडते आणि ख्रिस एकटाच खाली जातो. काहींना हा निव्वळ धक्का वाटतो. मला ती टीनाची पहिली स्वतंत्र कृती वाटते. आईनं ओढलं तिकडं गेलेली, मग ख्रिसनं नेलं तिकडं गेलेली ही बाई इथं पहिल्यांदा कुणाच्या मागं जात नाही. तेवढ्यासाठी आपण एका खुनी बाईच्या बाजूनं उभे राहतो, आणि ते मान्य करायला जड जातं.

ब्रिटिश विनोदी भयपट म्हटला की ‘शॉन ऑफ द डेड’चं नाव पुढं येतं. ‘साइटसीअर्स’ त्याच्या जोडीनं घ्यावा अशा योग्यतेचा आहे. पाहिला नसेल तर पाहा; पाहिला असेल तर पुन्हा पाहताना नजर फक्त अ‍ॅलिस लोवर ठेवा.