साचलेले पाणी आणि डांबरी रस्त्याचा घसरणरोध : एका सूत्राची चिकित्सा

पावसात वाहन घसरून झालेल्या अपघाताच्या वृत्तांतात ‘चालकाचे नियंत्रण सुटले’ हे वाक्य ठरलेले असते. या समजुतीला एका शास्त्रीय सूत्राने नकळत बळ दिले आहे. अमेरिकेतील नासा या संस्थेचे संशोधक वॉल्टर हॉर्न व रॉबर्ट ड्रेहर यांनी १९६३ मध्ये ते प्रसिद्ध केले. टायरमधील हवेच्या दाबाच्या (किलोपास्कल) वर्गमूळास ६.३५ ने गुणले असता, ताशी किती किलोमीटर वेगाला टायर पाण्यावर तरंगू लागेल ते समजते. २०७ किलोपास्कल, म्हणजे व्यवहारात ज्याला ‘तीस पौंड हवा’ म्हणतात, त्या दाबाला हा वेग सुमारे ९१ येतो.

सूत्राचा पाया भक्कम आहे. वेग दुप्पट झाला की टायरपुढील पाण्याचा दाब चौपट होतो आणि तो हवेच्या दाबाच्या तोडीस आला की टायर उचलला जातो. आक्षेप आहे तो सूत्रात जे नाही त्याविषयी. त्यात रस्ताच नाही. खडीचा पोत नाही, आडवा उतार नाही, चाकोरीची खोली नाही. टायरच्या खाचा व पृष्ठाचा पोत मिळून निचरा करू शकणार नाहीत इतके पाणी साचले आहे, हे गृहीत धरूनच हिशेब सुरू होतो. ते पाणी का साचले, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

मूळ प्रयोगांत विमानाच्या टायरांवर भर होता, हेही विसरून चालणार नाही. ६९० किलोपास्कल दाबाच्या ट्रकला या सूत्राने ताशी १६७ किलोमीटरपर्यंत अभय मिळते! रिकाम्या ट्रकचा अनुभव निराळा आहे. भार कमी असल्याने टायरचा टेकलेला भाग आखूड व रुंद होतो आणि पाणी बाजूला सारण्यास अवधी मिळत नाही. पुढे १९८० च्या दशकात हॉर्न यांनीच या आकाराचा विचार करून सूत्रात दुरुस्ती सुचविली. पाठ्यपुस्तकी मांडणीत मात्र जुने सूत्रच अधिक रुळले.

शिवाय तरंगणे ही शेवटची अवस्था होय. घर्षण त्याआधीच घटत जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी १०० किलोमीटर वेगासाठी घर्षणगुणांक ०.३५ धरला आहे. अडीच सेकंदांचा प्रतिक्रियाकाल धरून वाहन थांबण्यास सुमारे १८० मीटर लागतात. त्यांपैकी ब्रेक लागल्यानंतरचे अंतर ११२ मीटर. साचलेल्या पाण्यात गुणांक निम्म्यावर आला, तर एकूण अंतर २९० मीटरांच्या पुढे जाते. वळणावरील दृष्टीचे अंतर मात्र १८० च्या हिशेबानेच आखलेले असते.

चौपदरी महामार्गांच्या नियमपुस्तिकेत वार्षिक पाऊस १००० मिलिमीटरांहून कमी असल्यास आडवा उतार २ टक्के, अन्यथा २.५ टक्के सांगितला आहे. हा निकष तपासून पाहण्याजोगा आहे. पाण्याच्या थराची जाडी वर्षाच्या बेरजेवर ठरत नाही. त्या काही मिनिटांत पाऊस किती जोराने पडला यावर ठरते. मराठवाड्यातील वळिवाची एखादी सर कोकणातल्या झडीहून अधिक पाणी क्षणात ओतू शकते. उतार योग्य असूनही जड वाहनांनी पाडलेली चाकोरी पाणी आडवते. एका बाजूच्या वळणातून दुसऱ्या बाजूच्या वळणात शिरताना तर आडवा उतार काही अंतर शून्यावर येतो. तेथे रस्ता लांबीतही सपाट असेल, तर पाण्याला जाण्यास दिशाच उरत नाही. अशी ठिकाणे आराखड्यावर आधीच दाखविता येतात.