‘रद्द’ या संज्ञेविषयी : पॉझिक्स मानकातील थ्रेड-समाप्तीच्या नियमांचे परीक्षण

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आकाशातून येणारे रेडिओ-संदेश टिपतात. त्यांवर तत्काळ प्रक्रिया करणारी, संगणक-समूहावर चालणारी सॉफ्टवेअर-व्यवस्था २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात वर्णिली आहे. अशा स्वरूपाच्या कामात अनेक थ्रेड समाईक स्मृतीवर राबतात. एक संदेश आणून ठेवतो, दुसरा उचलतो. लॉक हाती असतानाच त्यांपैकी एखादा संपविला गेला, तर इतर थ्रेड खोळंबून राहतात. आणि त्या अवधीत येऊन गेलेला पल्सारचा स्पंद पुन्हा मिळत नाही. ‘पॉझिक्स’ने १९९५ साली घालून दिलेल्या थ्रेड-समाप्तीच्या नियमांची भाषा त्यामुळेच बारकाईने तपासण्याजोगी आहे.

पहिला दोष संज्ञेचा. मानक ‘कॅन्सल’ म्हणते. खत रद्द झाले म्हणजे ते झालेच नव्हते असे मानावयाचे, हा मराठी वाचकाचा संकेत. येथे तसे काहीच घडत नाही. ‘कॅन्सल’ ही केवळ विनंती. लिहिलेले लिहिलेलेच राहते, घेतलेले लॉक घेतलेलेच राहते. आवराआवर करावयाची ती आधी नोंदविलेल्या क्लीनअप हँडलरांनी, शेवटी नोंदविलेल्याने प्रथम.

व्याकरण मात्र विचारपूर्वक रचलेले आहे. विनंती आली तरी थ्रेडने ठरावीक स्थळीच थांबावे, ही मूळ तजवीज. जुन्नर-आंबेगावकडील विहिरींवर मोट चालत असे, तेव्हा ती थारोळ्यात रिती होण्यापूर्वी बैल धावेवर मध्येच सोडीत नसत, शहाणपण तेच. ‘कंडिशन वेट’मध्ये थांबलेल्या थ्रेडला विनंती पोचली, तर हँडलर चालण्यापूर्वी लॉक पुन्हा त्याच्याच हाती येते. नवख्यास हे विपरीत वाटेल. परंतु समाईक माहिती सुस्थितीत आणावयाची तर लॉक हाती हवेच. पुढे ते सोडण्याचे कामही हँडलरचेच, आणि घात होतो तो येथे विसर पडल्याने.

खरा आक्षेप स्थळांच्या यादीवर आहे. ‘रीड’, ‘स्लीप’, ‘कंडिशन वेट’ ही स्थळे निश्चित. ‘म्यूटेक्स लॉक’ हे स्थळ नव्हे. ‘प्रिंटएफ’सारखी अनेक फंक्शने मात्र स्थळे ‘असू शकतात’. पाणिनीची विभाषा वक्त्याला विकल्प देते. येथे विकल्प लायब्ररी रचणाऱ्याला, आणि भार प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर! एकच संहिता एका यंत्रणेवर निर्धोक तर दुसरीवर घातक ठरते. वाटेल तेथे तोडण्याची ‘असिंक्रोनस’ मुभा तर लॉक वा स्मृतीची मागणी नसलेल्या निव्वळ गणिती आवर्तनापुरतीच क्षम्य होय.

जावा भाषेने आपले ‘थ्रेड स्टॉप’ १९९८ सालीच त्याज्य ठरविले. सी++ ने २०२० च्या मानकात, थ्रेडने खूण पाहून स्वतःच थांबावे, असा मार्ग स्वीकारला. तो अधिक प्रामाणिक आहे. तथापि ‘रीड’मध्ये अडकून पडलेल्या थ्रेडला खूण दिसत नाही, पॉझिक्सची विनंती त्याच्यापर्यंत पोचते. खुणेचा मार्ग पत्करणाऱ्याने म्हणूनच अशा प्रत्येक वाचनाला कालमर्यादा घातली पाहिजे.