एक ‘काय’, दोन नकाशे

‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ (२००५) मध्ये मॅथ्यू ड्रायर यांचे दोन नकाशे लागोपाठ आहेत. ९२वा सांगतो, हो-नाही प्रश्नाचा शब्द वाक्यात कुठे येतो. ९३वा सांगतो, ‘कोण, काय, कुठे’ कुठे बसतात. मराठी काय, बांगला काय, दोन्ही कर्ता-कर्म-क्रियापद क्रमाच्या, आणि प्रश्नशब्द सुरुवातीला आणायची सक्ती दोन्हीकडे नाही. इथवर ठीक.

आता अमरावती-अकोल्याचं बोलणं ऐका. ‘काय आणलं?’ म्हणजे कोणती वस्तू. ‘आणलं काय?’ म्हणजे आणलं की नाही. पुण्याकडे दुसऱ्या प्रश्नात ‘का’ येईल. वऱ्हाडात दोन्हीकडे ‘काय’च, अर्थ जागेवरून ठरतो. (शेवटच्या ‘काय’वर जोर दिला की पुन्हा वस्तूच विचारली जाते, ती गंमत वेगळी.) बांगलात ‘तुमि कि खाबे?’ म्हणजे खाणार का, की काय खाणार? ऐकताना सुरावरून कळतं, लिहिताना ऱ्हस्व-दीर्घावरून.

माझी तक्रार इथे आहे. शेकडो भाषा मोजायच्या तर चाळणी मोठीच लागणार, मान्य. पण ‘काय’ दोन नकाशांत वाटला गेला आणि त्याच्या दोन कामांतली ओढाताण एकाही नकाशावर दिसत नाही. शिवाय ‘सक्ती नाही’ हा गट नकारावर उभा आहे. मग शब्द बसतो कुठे? आपल्याकडे सहसा क्रियापदाच्या लगेच आधी: ‘तिकीट कोनाले देल्लं?’ तिथून हलवून बघा. ‘देल्लं कोनाले?’ असं विचारणारा बहुतेक वैतागलेला असतो.